वंगण घातलं, मिस्तरी

माघ वद्य ३, गुरुवार. पाटोदा.

नगरच्या गॅरेजातल्या उस्तादाची खोड अंगी लागली म्हणून ही वही. जे उघडलं ते लिही, जे बसवलं ते लिही, काम संपलं की पहिल्यापासून वाच आणि आपल्या चुकांखाली लाल पेन्सिल ओढ, असं तो म्हणायचा. चार वर्षं त्याच्या हाताखाली काढली. शेवटी भांडून आलो. "मला आता तुमची गरज न्हाई," असं तोंडावर बोलून आलो. बोललो ते बोललो.

उघडलं ते असं. गहिनीनाथरावांची मोटार, अमेरिकन, चार सिलिंडरची. सहा महिने पाटोदा ते बीड उतारू आणि माल घेऊन चांगली धावत होती. आठ दिवसांपूर्वी मांजरसुंब्याच्या घाटात खडखड करून उभी राहिली. का, तर आधीच्या क्लीनरनं इंजिनात तेलच घातलं नव्हतं. बेअरिंगचा पांढरा धातू वितळून खाली सांडला. बैल जुंपून मोटार गावात आणावी लागली आणि सगळं गाव ओट्यावर बसून हसलं. मी पुढं स्टिअरिंगच्या चाकाजवळ बसलो होतो. लाज काय असते ते त्या दिवशी कळलं.

राव म्हणाले, "नगरला धाडायची का?" मी म्हणालो, "कावून? मी मेलोय का?"

तर आता सगळं इंजिन शेडात गोणपाटावर पसरलंय. एकट्यानं उघडलेलं हे माझं पहिलं इंजिन. रावांनी मुदतही सांगून टाकली. फाल्गुन शुद्ध बारसेला बीडच्या कचेरीसमोर मोटारींची तपासणी आहे. पास झाली तर परवाना कायम, नाहीतर ही लाइन दुसऱ्याची. "मंग मी ही मोटार इकून टाकीन, शहादेव, आन् तू बापाच्या भट्टीवर भाता वढीत बस." रावांचं बोलणं गोड कधीच नसतं.

क्लीनर नवा ठेवलाय, धुळाजी. पन्नाशीचा गाडीवान. बीडचा माल हाच वाहायचा. आमची मोटार आली आणि त्याचं भाडं बसलं. आधी गाडी विकली, मग बैल विकले, आणि रावांनी कीव येऊन त्याला माझ्या गळ्यात मारला. पहिल्याच दिवशी खडसावला त्याला. जळकं बेअरिंग हातावर ठेवलं आणि म्हणालो, "बघ बे, कोरडं चाललं की असं व्हतं. ह्या मोटारीत जिथं काय फिरतं, जिथं काय घासतं, तिथं एक जागा कोरडी दिसली न्हाई पायजे. रोज सकाळी. मला इचारत बसायचं न्हाई."

त्यानं तो तुकडा बराच वेळ उलटासुलटा केला. "म्हंजी बैलगाडीवानीच म्हना की," म्हणाला.

हो, गाडीवानीच, म्हणालो. वयानं माणूस माझ्या बापाएवढा आहे, पण कामावर मिस्तरी मी.


माघ वद्य ६, रविवार

नवा धातू आबांच्या भट्टीवर ओतला. आबा, म्हणजे माझे वडील, भाता ओढताना सारखे विचारत होते, "जमंल का रं तुला?" जमंल, जमंल. स्वतःच्या बापाचा एवढा भरवसा असल्यावर आणखी दुश्मन कशाला पाहिजे!

दिवसभर बेअरिंग खरवडून बसवली. दिव्याची काजळी तेलात कालवून दांड्यावर फासायची, दांडा फिरवायचा, जिथं काळं उमटतं तिथं उंचवटा, तो खरवडायचा. परत फासायची. मान मोडून आली.

धुळाजी उकिडवा बसून बघत होता. एकदम त्याचा चेहरा उजळला. "मिस्तरी, हे तर आमचंच वंगन की! कोळशाची पूड आन् एरंडाचं तेल. म्हंजी ह्या बाईलाबी हेच लागतं व्हय?"

मी खाली मान घालून खरवडत होतो. हो बाबा, तेच ते, म्हणालो. म्हणजे एकदाचा गप बसेल.


माघ वद्य १०, गुरुवार

सगळं बसवलं. नव्या रिंगा, घासलेले वॉल्व, तांब्याचं नवं गॅस्केट. चारी प्लगांना करंट वाटून देणारा जो डबा असतो, त्याच्या आतली कोळशाची टिकली झिजली होती. नगरहून मागवायला वेळ कुठला? विजेरीच्या मसाल्यातली कोळशाची कांडी काढली, कानस मारून टिकली केली आणि बसवून दिली. उस्तादानं बघितली असती तर पाठ थोपटली असती. नसती थोपटली म्हणा, पण गप तरी बसला असता.

संध्याकाळी दिवेलागणीला हँडल मारलं. तिसऱ्या दणक्याला सुरू! आणि काय चालली म्हणता! पुढच्या काचेवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची जागा असती तर ठेवून दाखवला असता, थेंब सांडला नसता. राव आले, उभे राहिले, "हं," म्हणाले. रावांचं "हं" म्हणजे दुसऱ्यानं साखर वाटण्यासारखं.

बायकोनं, भिवराबाईनं, मोटारीला आणि मला दोघांना ओवाळलं. आधी मोटारीला.


माघ वद्य ११, शुक्रवार

सकाळी बिघडली.

फड, फड, फडाक, मध्येच गचके, मागून भडका. दोन सिलिंडर चालतात, दोन झोपतात, मग ते उठतात आणि हे झोपतात. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. राव आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले.

काल रात्री झोपताना चांगली होती. सकाळी कसं काय? इंजिनाला कोणी मध्येच हात लावलेला नाही. धुळाजी शेडातच झोपतो. त्यानं नेहमीप्रमाणं सांगितलं, "वंगन घातलं, मिस्तरी." अरे चाकांच्या वंगणाचं काय घेऊन बसलास, इथं इंजिन मरायला टेकलंय.


फाल्गुन शुद्ध १, मंगळवार

कार्बोरेटरच असणार. सगळा खोलला, पेट्रोलमध्ये धुतला, जेट फुंकून काढली. प्लग चारी काढून घासले. करंटचा डबाही उघडला, आत काळं साठलं होतं. घरी केलेली टिकली आहे, तिची भुकटी पडणारच. फडक्यानं पुसून टाकला. दुपारी सुरू केली आणि पुन्हा शिवण मशीनसारखी चालली! सापडलं, म्हटलं. कार्बोरेटरमध्ये कचरा होता. भिवराबाईला सांगितलं, रावांना सांगितलं, वाटेवरच्या दोघांना सांगितलं.


फाल्गुन शुद्ध २, बुधवार

सकाळी परत फड, फड, फडाक.

"वंगन घातलं, मिस्तरी."

"घाल बाबा, घाल. तुजं एकट्याचं तरी काम व्हतंय."


फाल्गुन शुद्ध ४, शुक्रवार

वॉल्वचं अंतर मोजलं, दोन जागी फरक होता, नीट केलं. कॉइलच्या तारा बदलल्या. डबा पुसला. गॅस्केटच्या कडेनं साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, नाहीत. संध्याकाळी गाडी छान.

उस्ताद सांगायचा, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि मग चालवून बघ, म्हणजे दुखणं कुठलं ते कळतं. त्याचं काय जातं सांगायला! त्याच्या गॅरेजात आठ मोटारी उभ्या असतात. माझ्याकडं एक आहे आणि बारस आठ दिवसांवर आलीय.


फाल्गुन शुद्ध ५, शनिवार

सकाळी बिघडलेली. आता मला ह्या मोटारीचा राग यायला लागलाय. राग म्हणजे नुसता राग नाही, हातोडा घ्यावा असा.

वाटतं की थंडीनं होत असावं. पहाटे गार पडतं, तेल घट्ट होतं, नवी बेअरिंग आवळून धरत असतील. इंजिनाखाली शेगडी ठेवली. इंजिन तापलं, मी तापलो, फडफड तशीच.


फाल्गुन शुद्ध ६, रविवार

हा दिवस वहीत नसता तर बरं झालं असतं.

राव म्हणाले, घाटात नेऊन दाखव. सहा उतारू बसवले. सकाळी निघालो, ठोके चुकवत चुकवत मांजरसुंब्यापर्यंत रेटली. घाट उतरून परत वळवली आणि चढताना दुसऱ्या वळणावर दम सोडला. उतारूंनी खाली उतरून ढकलली. त्यांत चौसाळ्याचे एक म्हातारे होते, ढकलता ढकलता म्हणाले, "मिस्तरी, मोटारीत बसायचं भाडं घेतलं का मोटार ढकलायचं?" सगळे खो खो हसले. धुळाजी तेवढा हसला नाही. तो मागच्या चाकाला दगड लावत पळत होता, घामानं निथळत होता आणि मोटारीला "चल माजे बाई, चल" करत होता.

घाटाखाली आणली, थंड होईपर्यंत सगळं परत पुसलं, घासलं, आवळलं. आणि मग दुपारी तोच घाट असा चढली की विचारू नका. पण तोवर उतारू बैलगाडीनं निघून गेले होते. बघायला कोणी नव्हतं.

घरी आल्यावर राव सगळ्यांदेखत म्हणाले, "नगरला धाडायला पायजे व्हती. तुजं ऐकलं हीच चूक."

मी शेडात जाऊन इंजिनाचे नट सोडवायला घेतले.


फाल्गुन शुद्ध ८, मंगळवार

इंजिन परत उघडलं. दोन दिवस गेले. बेअरिंग आरशासारखी आहेत. रिंगा ठीक. वॉल्व ठीक. खोट कुठंच नाही. खोट सापडली असती तर मी पेढे वाटले असते. काहीच न सापडणं ह्यासारखा छळ नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटतेय. हात शिकलेत पण डोकं शिकलं नाही, असं उस्ताद म्हणायचा ते खरं असेल तर? दुपारी त्याला पत्र लिहायला बसलो. "उस्ताद, मोटार संध्याकाळी चांगली, सकाळी वाईट," एवढं लिहिलं आणि पुढं "मला सांगा" लिहायचं होतं ते काही हातून उतरेना. फाडून टाकलं.

जेवताना भिवराबाई म्हणाली, "अवो, सांजंला चांगली आन् सकाळी वाईट. मंग रातच्यानं कोन तिच्याजवळ असतं?"

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं. पण माझा घास हातातच राहिला.

धुळाजी असतो.


फाल्गुन शुद्ध ९, बुधवार

कसा आंधळा होतो मी! ज्याचे बैल ह्या मोटारीनं खाल्ले, त्यालाच मोटारीजवळ निजवलं.

इंजिन काल संध्याकाळी जोडलं, सुरू केलं, सुरेख चाललं. आज झुंजूमुंजू व्हायच्या वेळी पावलं न वाजवता शेडात गेलो. बॉनेट उघडं. धुळाजी वाकलेला. करंटच्या डब्याचं झाकण काढून त्यानं एका बाजूला ठेवलेलं आणि आतल्या फिरत्या हाताला काडीच्या टोकानं काळं फासत होता. हळूच, जपून, जिभेचं टोक दातात धरून.

माझं डोकं फिरलं. मानगूट धरून मागं ओढला.

"काय करतोस बे?"

"वंगन घालतोय की, मिस्तरी. रोजच तर..."

"रोज! म्हंजी रोज करतोस तू हे? करंटच्या डब्यात कोळसा? कोळशातनं करंट वाहतो, ठिणगी खाली उतरून जाती सगळी! आन् वर वंगन म्हनतोस? बैल गेले म्हणून माजी मोटार मारतोस व्हय रं?"

त्याचं तोंड उघडं, हातात ती काडी. मी ओढतच त्याला बाहेर आणला. बाजारचा दिवस, माणसं जमायला लागली होती. रावांसमोर, सगळ्यांसमोर त्याला दोन्ही हात पुढं करायला लावले. नखांपर्यंत काळे. "बघा," म्हणालो, "हे हात बघा. आमचं इंजिन ह्या हातांनी बिघडवलं."

लोक म्हणाले, बरोबर आहे, पोटावर पाय आला की माणूस असंच करतो. राव म्हणाले, "मारू नका. पन आजपासून माज्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

धुळाजी हात तसेच पुढं धरून उभा होता. कोणी खाली कर म्हणालं नाही म्हणून असेल. मग त्यानं ते धोतराला पुसले आणि घोंगडी घेऊन निघून गेला.  चोराला बोलायला तोंड असतं होय?

डबा पेट्रोलनं धुतला.


फाल्गुन शुद्ध १०, गुरुवार

सकाळी सुरू केली. झकास! एक ठोका चुकत नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

भिवराबाईला म्हणालो, "बघ, तूच चोर धरून दिलास." ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "बैल इकून आलेला मानूस," म्हणाली, "हातची भाकरी कशाला लाथाडंल वो?" मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" ती गप बसली. अलीकडं ती गप बसली की मला बरं वाटत नाही.


फाल्गुन शुद्ध १२, शनिवार. बीड.

पास! पास! पास!

कचेरीसमोर पाच मोटारी उभ्या होत्या. साहेबांनी इंजिन ऐकलं, ब्रेक बघितले, एक चक्कर मारून आणायला लावलं. "इंजिन किसने बांधा?" मी म्हणालो, "मैंने, हुजूर." परवान्यावर शिक्का बसला. येताना घाट असा चढलो की वाटेतल्या बैलांनी माना वळवून पाहिलं. राव माझ्या शेजारी बसले होते. घाटमाथ्यावर म्हणाले, "भट्टीवर बसायची गरज न्हाई आता तुला." मी हसलो. रडूही आलं थोडं.

उस्तादाला पत्र लिहिणार आहे. ह्या वेळी "मला सांगा" म्हणून नाही.


फाल्गुन वद्य २, गुरुवार

काम संपलं. म्हणून आज उस्तादाच्या रिवाजाप्रमाणं लाल पेन्सिल घेऊन बसलो. खरं सांगतो, चुका शोधायला नाही, मजा घ्यायला बसलो होतो. भिवराबाई समोर गहू निवडत होती, तिला वाचून दाखवायला लागलो. बेअरिंग, नगर, राव, सगळं.

"जिथं काय फिरतं, जिथं काय घासतं, तिथं एक जागा कोरडी दिसली न्हाई पायजे. रोज सकाळी. मला इचारत बसायचं न्हाई."

वाचलं आणि थांबलो. भिवराबाईचे हात सुपात थांबले.

पुढं वाचलं. कोळशाची पूड आन् एरंडाचं तेल. ह्या बाईलाबी हेच लागतं व्हय? हो बाबा, तेच ते.

माझ्याच अक्षरात.

डब्यात काय असतं? एक फिरता हात. आणि त्याच्या डोक्यावर काय? घासणारी टिकली. गाडीवान आयुष्यभर जुंपायच्या आधी काय करतो? काडीनं वंगण घालतो. त्यानं सबंध मोटार धुंडाळून फिरणारी, घासणारी एकेक जागा शोधली. बॉनेट उघडायला शिकला, डब्याच्या खिट्ट्या काढायला शिकला. मी सांगितलं होतं म्हणून. आणि रोज सकाळी मला येऊन सांगत होता. लपूनछपून नाही, समोर उभा राहून. वहीत दोनदाच लिहिलंय, पण तो रोज म्हणायचा. एकदाही मी विचारलं नाही, कुठं?

आणि मी डबा प्रत्येक वेळी पुसत होतो. प्रत्येक वेळी दुसरंही काहीतरी बदलत होतो, आणि यश त्या दुसऱ्याला देत होतो.

शेडात गेलो. त्याच्या निजायच्या जागेवर भिंतीच्या खुंटीला वंगणाचं नळकांडं तसंच होतं. बांबूचं, जुनं, हातानं गुळगुळीत झालेलं. बैल विकले, गाडी विकली, हे ठेवलं होतं त्यानं. मोटारीसाठी आणलं होतं.

लाल पेन्सिल कुठं ओढू? सगळीच वही लाल करावी लागेल.

भिवराबाई एवढंच म्हणाली, "अवो, त्येचे हात दाखवलेत तुमी गावाला."


फाल्गुन वद्य ३, शुक्रवार

रावांकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"परवाना मिळाला ना?"

"मिळाला."

"मंग आता हे कुनापाशी बोलू नको. उद्या लोक म्हनतील, मिस्तरीला सोताचं इंजिन कळंना. कोन बसंल मोटारीत? म्हातारा गेला तर गेला. कुठंबी पोट भरंल."

खरं लिहितो, पायऱ्या उतरेपर्यंत मला ते पटलं होतं. नावालाच तर जपत होतो मी. नाव राहिलंय. उस्तादाला पत्र गेलंय, उत्तर यायचंय. गप बसलो तर कोणाला कळणार आहे?

शेडात आलो. खुंटीवर नळकांडं. परत पायऱ्या चढलो.

"राव, गप बसायचं आसंल तर दुसरा मिस्तरी बघा."

राव खूप वेळ बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "मर. कर तुज्या मनासारखं."


फाल्गुन वद्य ५, रविवार

धुळाजी आष्टीच्या वाटेवर सापडला. मेव्हण्याकडं राहतो, सडकेची खडी फोडतो. मोटार थांबवली, उतरलो. त्यानं मान वर केली नाही. आवाजावरूनच ओळखली होती त्यानं मोटार.

"धुळाजीदादा," म्हणालो. आजवर कधी दादा म्हणालो नव्हतो.

हातोडी चालूच.

मी तिथंच खडीवर बसून वही वाचून दाखवली. ती दोन पानं. हातोडी थांबली. मग तो बोलला, आणि मोठ्यानं बोलला. "बैल इकले तवा मी रडलो न्हाई, मिस्तरी. म्हनलं, जमाना हाय, चालायचंच. पन तुमी माजे हात दाखवले. माजी लेक उभी व्हती त्या बाजारात. तुमाला म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"चुकलो," म्हणालो. 

त्यानं मोटारीच्या चाकाच्या तुंब्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाला, "तीस वर्सं गाडी हाकली. येक आख कदी जळला न्हाई माजा. तुमी म्हनला कोरडं ठिवू न्हाई, मी कोरडं ठिवलं न्हाई. तुमाला सांगायचं व्हतं तर नीट सांगायचं. कुठं घालायचं आन् कुठं न्हाई."

"चला," म्हणालो.

"बाजाराच्या दिवशी यीन. लोकं असतील तवा."


फाल्गुन वद्य ८, बुधवार

आज बाजारात, धुळाजीदादांना शेजारी घेऊन, त्याच जागी उभा राहिलो. गर्दी होती. म्हणालो, "त्या दिवशी मी ह्येंचे हात दाखवले. आज माजी वही ऐका."  मग वाचली. दोन्ही पानं, शब्द न् शब्द. म्हणालो, ह्यांनी माझा हुकूम पाळला, हुकूम चुकीचा होता. इंजिन मी बिघडवलं.

मागून कोणीतरी हसलं. चौसाळ्याचे म्हातारे आजही आले होते, म्हणाले, "मंग आता ढकलायचं भाडं कोन देनार, मिस्तरी?" सगळे हसले. राव दारातूनच आत गेले. हसणं सोसलं. वाटलं होतं त्याहून जास्त लागलं, लिहून ठेवतो. धुळाजीदादांची लेक आईच्या शेजारी उभी होती. ती हसली नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि वडिलांकडं बघितलं.

उतारूंपैकी दोघं बसायचे राहिले. चारजण बसले.


फाल्गुन वद्य ९, गुरुवार

सकाळी शेडात गेलो. धुळाजीदादा आधीच उठून, हात धुऊन, नळकांडं कमरेला लावून उभे.

"वंगन घातलं, मिस्तरी."

"कुठं कुठं?" म्हणालो.

ते मग पुढं झाले आणि बोट लावून एकेक जागा दाखवत निघाले. मी मागून वही घेऊन लिहीत गेलो. चाकं, स्प्रिंगच्या पाट्यांचे पिन, ब्रेकचे सांधे, दाराच्या बिजागऱ्या. करंटच्या डब्यापाशी आले तेव्हा हात मागं घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "हितं न्हाई," म्हणाले. "इथं न्हाई," मी म्हणालो, आणि तेही लिहिलं.

एकवीस जागा निघाल्या. त्यांतल्या दोन मला आजवर ठाऊक नव्हत्या. त्यांनी तिथं वंगण घातलं नसतं तर दोन्ही कोरड्याच राहिल्या असत्या.